मोठ्या गाडीवर हात बसत नाहीये, धसका कसा जाईल?

सावकाश
नमस्कार. अकरा वर्षं १२५ सीसीची गाडी चालवली. पावसात, रात्री, खड्ड्यांतून, मागे सामान बांधून, सगळं करून झालंय. दीड महिन्यापूर्वी साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची गाडी घेतली. खूप वर्षांची इच्छा होती. पण या दीड महिन्यात मी चालवलेलं अंतर आहे फक्त १४० किलोमीटर.

सकाळी काढायची असं ठरवलं की रात्रीच पोटात गोळा येतो. किल्ली हातात घेते आणि शेवटी जुन्याच गाडीवर बसते. दुसऱ्या आठवड्यात चढावरच्या एका चौकात, डावीकडे वळता वळता थांबावं लागलं आणि गाडी डावीकडे आडवी झाली. वेग जवळजवळ शून्य होता. मला लागलं नाही, क्लचचा लिव्हर वाकला, दोघांनी मदत करून गाडी उभी केली. पण तो क्षण डोक्यातून जात नाही. वजन एकदा कललं की मी काहीच करू शकत नाही, हे त्या दिवशी कळलं.

घरचे म्हणतात घाबरू नकोस. ते प्रेमाने म्हणतात, पण त्याने भीती जात नाही. ज्यांनी छोट्या गाडीवरून मोठ्या गाडीवर उडी मारली आहे त्यांनी सांगा, नेमकं काय केलंत?

धुरळा
अभिनंदन! माझा अनुभव सांगतो. मलाही पहिला महिना असंच व्हायचं. मग एका रविवारी पहाटे निघालो आणि मोकळ्या महामार्गावर ३०० किलोमीटर मारून आलो. परत येईपर्यंत भीती गेली होती. गाडी मोठ्या रस्त्यासाठीच बनवलेली असते, तिथे ती इतकी स्थिर असते की विश्वास आपोआप बसतो. तुम्हीही एकदा तसंच करून बघा.

आडवाट
धुरळा, तुमचा अनुभव खरा आहे, पण सावकाश यांना हा सल्ला आत्ताच देऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यांची गाडी महामार्गावर नाही, थांबताना पडली आहे. सरळ रस्त्यावर ३०० किलोमीटर चालवून थांबण्याचा सराव किती होणार? पाच-सहा वेळा.

यावर एक जुना अभ्यास आहे. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, त्याचा अहवाल १९८१ साली आला. त्यातली एक गोष्ट मी शिकवताना प्रत्येकाला सांगते. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता, एकूण रस्त्यावरचा अनुभव मात्र तीन वर्षांच्या आसपास होता. म्हणजे ही माणसं नवशिकी नव्हती. त्यांचा हात जुन्या गाडीवर बसलेला होता, नव्या गाडीवर नाही.

तुमच्या अकरा वर्षांचंही तेच आहे, सावकाश. रस्ता तुम्हाला येतो: कोण कुठून घुसेल, कुठे रेती असेल, कोणता चालक इंडिकेटर न देता वळेल. ते ज्ञान तुमच्यासोबत नव्या गाडीवर आलेलं आहे. हाताची आणि पायाची सवय मात्र आलेली नाही, ती नव्याने लावायची आहे. त्यामुळे तुम्हाला वाटणारी भीती खोटी नाही, तिला कारण आहे.

आधी एक सांगा. भीती कशाची आहे? वजनाची, रेस जास्त लागण्याची, वळणात कलण्याची, की लोक बघतील याची? प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

सावकाश
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. काल रात्री वहीत लिहून काढलं.

सगळ्यात जास्त: कमी वेगात आणि थांबताना तोल जाईल याची. त्यानंतर मूठ जास्त पिळली जाईल याची, पहिल्या गिअरमध्ये ती फार झटकन अंगावर येते. मग वळणं. जुनी गाडी मी न विचार करता वळवायचे, ही वळतच नाही असं वाटतं, बाहेर बाहेर जाते. सरळ रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाला भीती वाटत नाही, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं.

दहाचा पाना
मी गॅरेजवाला माणूस, त्यामुळे आधी गाडीकडे बघतो. निम्मी भीती कधीकधी पान्याने कमी होते.

क्लचचा लिव्हर वाकला होता म्हणता. तो बदलला की फक्त सरळ केला? सरळ केलेला लिव्हर कमजोर होतो आणि त्याचा मोकळेपणाही बदलतो, बदलूनच टाका. मग क्लच नेमका कुठे पकडतो ते बघा. बोटं पूर्ण लांबवल्यावर पकडत असेल तर हाफ क्लचमध्ये, म्हणजे क्लच अर्धवट सोडलेला असताना, तुमचा ताबा राहत नाही, कारण बोटांच्या टोकांना जोर नसतो. तारेचा ताण असा लावून घ्या की लिव्हर साधारण मध्यावर आला की गाडी ओढायला लागेल. बऱ्याच मोठ्या गाड्यांवर लिव्हर हँडलच्या जवळ आणायची छोटी चकती असते. हात लहान असेल तर ती फिरवा.

रेसची तार असेल तर मुठीत दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. त्याहून जास्त असेल तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम झटका बसतो. तोच झटका चेन सैल असली तरी बसतो. चेनचा ताण गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, तो मोजून घ्या. टायरमधली हवा कमी असेल तर हँडल जड लागतं, 'गाडी वळतच नाही' म्हणता त्यात याचाही हात असू शकतो. हवा टायर थंड असताना मोजायची.

आणि नवे टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात. तुमचे १४० झालेत म्हणजे ते जवळजवळ संपलंच, पण तोवर ज्यांनी वळणात जपून चालवलं त्यांनी योग्यच केलं.

आता ताकदीबद्दल. १२५ची गाडी साधारण ८ किलोवॉट देते, तुमची ३५च्या जवळ. चौपटीहून जास्त. वजन मात्र दुप्पटही नाही. म्हणून पहिल्या गिअरमध्ये ती अंगावर येते. युरोपात याच कारणाने परवाना टप्प्याटप्प्याने देतात: ए-वन म्हणजे १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत, ए-टू म्हणजे ३५ किलोवॉटपर्यंत, त्यापुढे पूर्ण परवाना. तुम्ही पहिल्या पायरीवरून एका दमात दुसरीच्या अगदी टोकाला पोचलात. धाप लागणारच.

आडवाट
पाना यांनी गाडीचं सांगितलं, मी हातापायाचं सांगते. मोकळं मैदान किंवा रिकामी, सपाट, डांबरी जागा शोधा. रेती नको. रोज चाळीस मिनिटं पुरे, त्याहून जास्त नको, कारण थकल्यावर हात चुकीच्या सवयी शिकतो.

पहिला दिवस फक्त क्लचचा. गाडी चालू, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर, मुठीला हात न लावता क्लच हळूहळू सोडा. गाडी पुढे सरकायला लागली की लगेच परत दाबा. असं तीस-चाळीस वेळा. गाडी कुठे पकडते हे बोटांना कळायला हवं, डोक्याला नव्हे. इथे लक्षात येईल की मोठं इंजिन जवळजवळ रेस न देताही गाडी ओढतं. छोट्या गाडीवर आपण आधी रेस देतो आणि मग क्लच सोडतो. तीच सवय इथे घात करते.

दुसरी गोष्ट मागच्या ब्रेकची. जुन्या गाडीवर कमी वेगात मागच्या ब्रेकची गरज पडत नाही, कारण पाय टेकवून सावरता येतं. इथे कमी वेगाचा ताबा तीन गोष्टींच्या जुळणीत आहे: थोडीशी स्थिर रेस, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय. इंजिन पुढे ओढतंय आणि ब्रेक मागे धरतोय, त्यामुळे गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर राहते. २० मीटरचं अंतर आखा आणि ते जास्तीत जास्त वेळ लावून, पाय न टेकता पार करा. २० सेकंद लागले तर वेग ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे चालण्यापेक्षाही कमी. ज्याला हे जमलं त्याला गर्दीची भीती उरत नाही. क्लच खराब होईल अशी काळजी करू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो, थोडा वेळ हाफ क्लच सहन करतो. अधूनमधून गाडीला विश्रांती द्या म्हणजे झालं.

आता तुमचं पडणं. हँडल डावीकडे वळलेलं होतं, वेग संपत आला होता आणि तुम्ही पुढचा ब्रेक दाबला, बरोबर? हँडल वळलेलं असताना कमी वेगात पुढचा ब्रेक धरला की गाडीचं सगळं वजन वळलेल्या बाजूला कोसळतं. कोणाचीही गाडी पडेल, जोर कितीही असो. इलाज जोराचा नाही, क्रमाचा आहे. थांबण्याआधीच्या शेवटच्या मीटरभरात हँडल सरळ करा, नजर समोर दूर ठेवा, शेवटचा वेग मागच्या ब्रेकने मारा, गाडी थांबली की डावा पाय खाली. उजवा पाय ब्रेकवरच. चढावर हाच उजवा पाय गाडी धरून ठेवतो आणि दोन्ही हात क्लच आणि रेससाठी मोकळे राहतात.

हे सरळ रेषेत पन्नास वेळा करा. चौकात वळता वळता थांबावं लागलं तरी हात आपोआप हँडल सरळ करतील.

धुरळा
मान्य. मी पडलो नव्हतो म्हणून मला कमी वेगाची भीती नव्हती, हे तुमचं वाचून लक्षात आलं. तरी मोठ्या रस्त्याचा एक फायदा सांगतो. मैदानात पाचवा, सहावा गिअर कधी लागत नाही, वाऱ्याचा दाब कळत नाही. ते शिकायला कधीतरी बाहेर पडावंच लागेल.

आडवाट
हो, नक्की. पण त्याआधी ब्रेक. वेग वाढला की थांबायचं अंतर वर्गाच्या पटीत वाढतं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लावता येणारा चालक धरा. ताशी ६० ला ओळखून ब्रेकवर बोटं जाईपर्यंत एक सेकंद गेला तर १७ मीटर, आणि प्रत्यक्ष थांबायला साधारण २० मीटर. एकूण ३७. ताशी १०० ला तेच २८ आणि ५५, एकूण ८३ मीटर. आता ही गाडी १०० ला कधी पोचली ते कळतही नाही, कारण आवाज आणि थरथर छोट्या गाडीच्या ६० इतकीच असते. मोठ्या गाडीचा खरा धोका मला इथे वाटतो, मुठीच्या झटक्यात नाही.

मघाशी सांगितलेल्या अभ्यासातच हेही दिसलं होतं की संकटात चालक मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा पुरेसा दाबतच नाहीत. पुढचा ब्रेक हळू सुरू करून वाढवत न्यायचा. आधी वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, मग जोर द्यायचा. ३० ला सुरुवात करा, मग ४०, मग ५०. एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर एकदा मुद्दाम तो चालू होईपर्यंत दाबून बघा, सरळ रेषेत. लिव्हर बोटांखाली थरथरतो, ते आधी माहीत असलं की खऱ्या प्रसंगी दचकून ब्रेक सोडला जात नाही. १९८८ साली बीएमडब्ल्यूने के-१०० मालिकेच्या गाड्यांवर एबीएस आणला तेव्हापासून त्याने किती जणांना सावरलं असेल. पण ब्रेक दाबायचा आपल्यालाच असतो.

सावकाश
बरोबर ओळखलंत, पुढचा ब्रेकच दाबला होता. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्यात ताकद कमी आहे. ते वाक्य वाचून खूप हलकं वाटलं.

उद्यापासून सुरू करते. तोपर्यंत वळणांबद्दल कुणी सांगेल का? आणि मूठ पिळली जाण्याबद्दल?

वळणवेडी
मुठीबद्दल आधी, कारण तिथे भीतीच संकट तयार करते. गाडी झटक्याने पुढे जाते, अंग मागे फेकलं जातं, माणूस हँडल घट्ट धरतो आणि मागे ओढला गेल्यामुळे मनगट खाली जातं. मनगट खाली गेलं की मूठ आणखी पिळली जाते. चार सेकंदांत खेळ खलास. हे थांबवायचं तर हँडल धरायला लागूच नये अशी व्यवस्था करायची. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, पोटाचे स्नायू वापरा, कोपरं थोडी वाकलेली आणि ढिली. मूठ अशी धरा की रेस शून्यावर असताना मनगट सपाट राहील, वर उचललेलं नाही. दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. आणि क्लचची बोटं कायम तयार. काहीही झालं तरी क्लच दाबला की ताकद चाकापर्यंत पोचत नाही, इंजिन कितीही ओरडो. हे मैदानात मुद्दाम करून बघा: दुसऱ्या गिअरमध्ये, हळू, क्लच दाबून टाका. गाडीची ताकद तुमच्या डाव्या हाताच्या परवानगीने येते हे अंगात भिनलं की धसका खूप उतरतो.

गाडीला राइड मोड असतील तर पावसाचा मोड लावून सुरुवात करायला काही हरकत नाही. त्यात मुठीचा प्रतिसाद मवाळ होतो.

आता वळण. जुनी गाडी इतकी हलकी होती की अंग थोडं झुकवलं तरी वळायची, आणि तुम्ही नकळत हँडलही दाबत होतात. मोठी गाडी अंग झुकवून वळत नाही, तिला हँडलने सांगावं लागतं. साधारण ताशी वीसच्या वर उजवीकडे वळायचं तर हँडलचा उजवा भाग हलकेच पुढे ढकलायचा. ऐकायला उलटं वाटतं. चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट सायकलवाल्यांना विचारायचे की डावीकडे वळताना आधी काय करता, आणि आधी हँडल किंचित उजवीकडे जातं हे कुणालाच सांगता येत नसे. आपण सगळे हे करतोच, फक्त माहीत नसतं. रुंद, रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाने सरळ जाताना तळव्याने डावी बाजू हलकी ढकला, मग उजवी. गाडी लगेच ऐकते. 'वळतच नाही' ही तक्रार त्याच दिवशी मिटेल.

कलण्याची भीती असेल तर एक हिशेब. ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ४० ने गेलात तर गाडी सुमारे २३ अंश कलते. चांगले टायर कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर याहून बरंच जास्त सहन करतात. आपल्याला २३ अंश म्हणजे जमीन गालाला लागतेय असं वाटतं, कारण इतकी वर्षं आपण दहा-बारा अंशांतच राहिलो.

वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. आणि नजर. कठड्याकडे बघाल तर कठड्यातच जाल. हनुवटी वळणाच्या शेवटाकडे वळवा, हात मागून येतात. घाबरलेला माणूस समोरच्या चाकाकडे बघतो, म्हणून मी नव्या मुलींना एवढंच ओरडून सांगते: वर बघ!

आडवाट
एक भर. भीती पूर्ण जावी असं धरून बसू नका. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली मांडलेला नियम मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे: ताण अगदी कमी असला तरी काम बिघडतं, फार असला तरी बिघडतं, आणि काम जितकं अवघड तितका कमी ताण झेपतो. म्हणून अवघड गोष्ट सोप्या जागी करायची. निघण्याआधी गाडीवर बसून श्वास हळू सोडा, खांदे कानांपासून खाली आणा, जबडा ढिला करा. जबडा आवळला असेल तर मूठही आवळलेली असते.

सावकाश
तीन आठवडे झाले. सांगायला उशीर केला कारण आधी करून बघायचं होतं.

लिव्हर बदलला, क्लचची तार लावून घेतली, चेन खरंच सैल होती. झटका निम्मा तिथेच कमी झाला. मैदानात तेरा सकाळी गेले. पहिल्या दिवशी २० मीटरला सात सेकंद लागले आणि चार वेळा पाय टेकला. काल एकोणीस सेकंद, पाय वर. यू-टर्न आधी १० मीटरमध्येही होत नव्हता, आता साडेसातमध्ये डावीकडून होतो. उजवीकडून अजून नाही, उजवीकडे वळताना मुठीचा हात अंगाजवळ येतो आणि रेस हलते.

एक दिवस मैदानात गाडी परत पडली. उजवीकडे. या वेळी रडू आलं नाही. हँडलवरच्या किल स्विचने इंजिन बंद केलं, गिअरमध्ये टाकली, साइड स्टँड आधीच उघडला, पाठ गाडीकडे करून कंबर सीटला टेकवली, गुडघ्यांत वाकून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उचलली. एकटीने. गाडी पडली तर उचलता येते, हे कळल्यावर पुढच्या फेरीत हात कमी आवळलेले होते.

तळव्याने ढकलून वळवायचं करून बघितलं. पहिल्यांदा गाडी इतकी पटकन कलली की मी दचकले. आता वळणं आवडायला लागलीत.

टाचेवर उंच
मी वाचत होते, लिहीत नव्हते. माझी उंची कमी आहे, दोन्ही पाय टेकत नाहीत. मला हे जमेल का?

आडवाट
जमेल. दोन्ही पाय टेकण्याची गरज थांबताना नसते, एकाच पायाची असते, आणि तो पूर्ण टेकायला हवा. थांबायच्या आधी सीटवर थोडं डावीकडे सरका, म्हणजे डावा तळवा सपाट बसेल. जागा बघून थांबा, डावीकडे खड्डा किंवा उतार असेल तर अर्धा मीटर पुढे. गाडी खाली करून घेण्याची घाई करू नका, त्याने वळणात खालचा भाग लवकर घासतो. पाना, सीटबद्दल तुम्ही सांगा.

दहाचा पाना
सीटचा फोम कडेने तासून घेतला तरी पाय बराच खाली जातो, उंची कमी करायची गरजच पडत नाही बहुतेकांना. जाड तळव्याचे बूटही घाला.

सावकाश
आज त्याच चौकात गेले. सकाळी सहाला, रिकामा असताना. चढावर थांबले, मागच्या ब्रेकवर धरली, निघाले, फिरून परत आले. अकरा वेळा. बाराव्यांदा इंजिन बंद पडलं, पण हँडल सरळ होतं आणि पाय ब्रेकवर होता, गाडी जागची हलली नाही. परत चालू केली आणि तेराव्या फेरीला निघाले.

आता बहिणीला मागे बसायचं आहे. एवढ्यात बसवू का?

आडवाट
अजून महिनाभर नको. उजवीकडचा यू-टर्न आधी होऊ द्या. मागे माणूस बसला की पुढचं चाक हलकं होतं, ब्रेकचं गणित बदलतं, मागच्या स्प्रिंगचा ताण आणि टायरची हवा दोन्ही वाढवावी लागतात. बसवाल तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनाही मैदानातच घेऊन जा.

सावकाश
ठीक. उद्यापासून उजवीकडून.